हात बांधून ठेवावा की हलवावा?

मनगट दुखायला लागलं की घरात पहिला वाद याच गोष्टीवरून होतो. एक म्हणतो, पट्टा बांध आणि हात अजिबात हलवू नको. दुसरा म्हणतो, असा धरून बसलास तर आखडेल, चालू ठेव. ज्याचं दुखतंय त्याला उद्या सकाळी कामावर जायचंच असतं, आणि त्याचा प्रश्न साधा असतो : या हाताला विश्रांती देऊ की व्यायाम?

उत्तर आधीच सांगून टाकतो. विश्रांतीने दुखणं शमतं, पण हात पुन्हा कामाला टिकेल असा होतो तो मोजूनमापून दिलेल्या भाराने. दोन्ही लागतं; मात्र किती, कधी आणि कोणत्या दुखण्याला, हे कळलं पाहिजे. हे प्रकरण त्यासाठीच आहे. उदाहरणं बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागातल्या जिल्ह्यांची घेतली आहेत, कारण मनगटाची परीक्षा पाहणारी इतकी वेगवेगळी कामं एका टापूत क्वचित सापडतात.

१. बीदरचा हातोडा, कलबुर्गीची भाकरी

बिदरी काम आधी जवळून पाहू. जस्तात थोडं तांबं मिसळून सुरई, डबी किंवा तबक ओततात. कानशीने घासून ते गुळगुळीत करतात आणि मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करतात, म्हणजे त्यावर नक्षीची रेघ दिसते. मग बारीक छिन्नी आणि छोटा हातोडा घेऊन त्या रेघेवर खाच कोरत जायचं, खाचेत चांदीची तार बसवायची आणि ती ठोकून पक्की करायची. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप दिला की धातू कायमचा काळाभोर होतो आणि चांदी तेवढी उजळ राहते. बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला आली ती पंधराव्या शतकात. तिच्या आश्रयाने वाढलेली ही कला आजही हातानेच चालते. बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

आता फक्त हातांकडे पाहा. उजव्या हाताचा ठोका हलका असतो, पण तो खांद्यातून येत नाही. मनगट अंगठ्याकडून करंगळीकडे झुकतं आणि परत येतं, इतकाच त्याचा प्रवास. डावा हात तर हलतही नाही. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत छिन्नी धरलेली असते आणि ती कोनभरही ढळून चालत नाही. समजा, सेकंदाला एक ठोका पडतो आणि तासातला निम्मा वेळ प्रत्यक्ष कोरण्यात जातो. म्हणजे तासाला १८०० ठोके, चार तासांत ७२००. तेवढा सगळा वेळ डावा अंगठा चिमटीतच. म्हणून बिदरी कारागिराचं दुखणं हातोड्याच्याच हाताला होईल असं नाही. न हलणारा हातही तितकाच धोक्यात असतो. घट्ट आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, आणि स्नायू सैल सोडल्याशिवाय ते परत येत नाही.

भाकरीचं गणित याहून घरगुती. औराद, भालकी, बसवकल्याण असो की आळंद, ताटात ज्वारीची भाकर हवीच. गरम पाण्याने पीठ मळताना तळहाताच्या टाचेवर अंगाचा भार येतो. थापताना मनगट मागे वाकलेलं असतं आणि उघडा पंजा परातीवर आपटत असतो. घरच्या आठ-दहा भाकरींनी सहसा काही बिघडत नाही. पण खानावळीत, लग्नाच्या स्वयंपाकात किंवा भाकरी करून विकणाऱ्या महिला गटात एका बाईच्या वाट्याला दिवसाला १०० भाकरी आल्या आणि एका भाकरीला ३० थापा धरल्या, तर ३००० थापा होतात. आठवड्यातले सहा दिवस काम केलं तर १८ हजार.

शेतातही हेच. कलबुर्गी हे तुरीचं कोठार. इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तूर कापताना एका मुठीत ताटं आवळायची, दुसऱ्या हाताने विळा ओढायचा. खुरपणीला मनगट वळवून ओढायचं. ऊसतोडीच्या कोयत्याचा दणका तर थेट कोपरापर्यंत जातो. नाडकचेरीत दिवसभर दाखले टाइप करणारी मुलगी आणि रात्री एका अंगठ्याने मोबाइल चालवणारा तिचा भाऊ यांची कामं हलकी दिसतात, पण तेही याच रांगेत बसतात.

२. नेफा आणि नाडी

बोटं हलवणारे बहुतेक मोठे स्नायू बोटांत नसतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं हलवून पाहा. हालचाल तिथे जाणवते. हे स्नायू कोपरापासून निघतात आणि मनगटाच्या अलीकडे बारीक, पांढऱ्या, चिवट पट्ट्यांत बदलतात. या पट्टीला कंडरा म्हणतात. कंडरा मनगट ओलांडून बोटाच्या हाडाला जाऊन चिकटते. स्नायू आखडला की कंडरा ओढली जाते आणि बोट वाकतं.

मनगटापाशी कंडरा जागच्या जागी राहावी म्हणून तिच्याभोवती एक आवरण असतं. पायजम्याचा नेफा आणि नाडी आठवा. नाडी नेफ्यातून सरसर सरकते, कारण आत पुरेशी जागा असते. नाडीला एका ठिकाणी गुंता झाला किंवा नेफ्याचं कापड धुऊन आटलं की ती अडकते; ओढावी तितकी अडते. कंडरा म्हणजे नाडी, तिचं आवरण म्हणजे नेफा. आवरणाच्या आत वंगणासारखा पातळ द्रव असतो, म्हणून निरोगी मनगटात हजारो वेळा सरकूनही काही जाणवत नाही.

मनगटाच्या आतल्या, म्हणजे तळहाताच्या बाजूला एक गर्दीची जागा आहे. मनगटाच्या आठ लहान हाडांची कमान आणि तिच्यावर ताणलेला एक जाड पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा तयार होतो. त्यातून बोटं आणि अंगठा वाकवणाऱ्या नऊ कंडरा जातात आणि सोबत एक मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा निम्मा भाग यांना स्पर्श कळतो तो या मज्जातंतूमुळे. बोगद्याच्या भिंती ताणत नाहीत. कंडरांची आवरणं सुजली तर जागा कमी पडते आणि दाब मज्जातंतूवर येतो.

३. तेच ते काम केल्याने काय बिघडतं?

हे दुखणं संगणकाने आणलं असा समज आहे. तो खरा नाही. इटलीतले वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं आणि पुढच्या आवृत्तीत लेखनिकांच्या हाताचीही नोंद केली. सतत बसणं, हाताची एकाच तऱ्हेची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण, अशी तीन कारणं त्यांनी दिली. त्यांनी पाहिलेल्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी झाला, म्हणून तो डाव्या हाताने लिहायला शिकला. काही दिवसांनी डाव्यालाही तेच झालं. मला ही नोंद फार महत्त्वाची वाटते. दोष हातात नव्हता, कामाच्या पद्धतीत होता.

१८९५ मध्ये फ्रिट्झ द केरव्हॅं या स्विस शल्यचिकित्सकाने अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर होणाऱ्या दुखण्याचं वर्णन केलं. ते आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टंकलेखन करणाऱ्या हजारो कामगारांनी हातदुखीची तक्रार केली, तेव्हा सरकारं आणि मालक हा विषय गंभीरपणे घेऊ लागले.

आत घडतं ते असं. प्रत्येक हालचालीत कंडरेवर अगदी किंचित झीज होते आणि शरीर ती झोपेत, विश्रांतीत भरून काढतं. झीज आणि भरपाई बरोबरीने चालली तर कंडरा उलट दणकट होत जाते. जुन्या कारागिराचा हात नवख्यापेक्षा जास्त टिकतो तो यामुळेच. हंगाम आला, मागणी वाढली आणि झीज भरपाईच्या पुढे गेली की आवरण आधी सुजतं, मग हळूहळू जाड होतं. नेफा आटला. आता तीच हालचाल पूर्वीपेक्षा जास्त घासते.

हे ओझं चार गोष्टी ठरवतात : किती वेळा, किती जोर लावून, मनगट किती वाकवून आणि मध्ये किती थांबून. चारही एकदम बदलणं कुणालाच जमत नाही. एक बदलली तरी कंडरेला फरक पडतो.

४. दुखतंय नेमकं कुठे?

सगळ्या मनगटदुखीला एकच व्यायाम देणं चूक आहे. आधी बोट ठेवून जागा शोधा.

अंगठ्याच्या बाजूने दुखत असेल, म्हणजे तव्यावरून भाकर उचलताना, बादली धरताना, बाळाला काखेत हात घालून उचलताना कळ येत असेल, तर ते बहुधा द केरव्हॅंने सांगितलेलं दुखणं आहे. बाळंतिणींमध्ये ते फार दिसतं आणि 'वात धरला' म्हणून सोडून दिलं जातं. ओळखायची एक सोपी तऱ्हा आहे. अंगठा मुठीत घ्या आणि मूठ अगदी सावकाश करंगळीच्या दिशेला झुकवा. अंगठ्याच्या मुळाशी चमक उठली तर शंका पक्की होते. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो. नेहमीच्या कळेची ओळख पटली तरच ती खूण धरा. ही तपासणी एकदाच करायची आहे, रोज करायचा व्यायाम म्हणून नाही.

मुंग्या आणि बधिरपणा असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मामला बोगद्यातल्या मज्जातंतूचा आहे. डॉक्टर याला कार्पल टनेलचा त्रास म्हणतात. करंगळी यात सहसा सुटते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांत हा त्रास जास्त होतो, म्हणून दोन्ही हातांना मुंग्या येत असतील तर रक्ततपासणी करून घ्यावीच. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या बोगद्यातला दाब प्रत्यक्ष मोजला. मनगट सरळ असताना निरोगी माणसांत तो सरासरी अडीच मिलिमीटर भरला, तर त्रास असलेल्यांत ३२. रक्तदाब ज्या एककात मोजतात त्याच एककात. मनगट वाकवल्यावर त्रास असलेल्यांत तो ९० च्याही पुढे गेला. झोपेत हात उशीखाली वाकलेला राहतो आणि मुंग्या रात्रीच का येतात, याचं एक मोठं कारण या आकड्यांत आहे.

तिसरी जागा मनगटाची नाहीच. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं आणि कळ मनगटाकडे उतरते. कोयता, हातोडा, विळा घट्ट धरणाऱ्यांना हे होतं. मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंचं मूळ तिथे असतं, म्हणून रिकामा तांब्या उचलतानाही कोपर बोलतं.

५. विश्रांती का पुरत नाही?

समजा, १०० भाकरी करणाऱ्या मावशींचा हात दुखायला लागला. त्यांनी दहा दिवस काम पूर्ण बंद ठेवलं. कळ गेली. अकराव्या दिवशी त्या पुन्हा १०० वर आल्या, आणि राहिलेली मागणी उरकायला १२० केल्या. आठवड्यात दुखणं परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. लोक म्हणतात, विश्रांतीचा उपयोग झाला नाही. झालं असं, की दहा दिवसांत सूज उतरली. पण रिकामी राहिलेली कंडरा आणि स्नायू थोडे दुबळेही झाले. ओझं तेवढंच, हात मात्र कमी तयारीचा.

याच मावशींनी काम शून्यावर न आणता ५० वर आणलं असतं, कळ आटोक्यात आल्यावर दर आठवड्याला १० भाकरी वाढवल्या असत्या, तर पाच आठवड्यांत त्या १०० वर पोचल्या असत्या आणि वाटेत हातही तयार झाला असता. एखाद्या आठवड्यात दुखणं वाढलं तर आकडा वाढवायचा नाही, त्याच आकड्यावर आणखी आठवडा थांबायचं.

भार देऊन कंडरा सुधारते, हे लोकांच्या गळी उतरायला वेळ लागला. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक होकन आल्फ्रेडसन यांची टाचेवरची कंडरा दुखत होती आणि शस्त्रक्रिया करायला कुणी तयार नव्हतं. म्हणून दुखणं मुद्दाम वाढवावं आणि शस्त्रक्रिया पदरात पाडून घ्यावी, या विचाराने त्यांनी टाचेवर भार देणं सुरू केलं. दुखणं वाढण्याऐवजी गेलं, अशी हकिकत सांगतात. १९९८ मध्ये त्यांनी टाचेवरची कंडरा दुखणाऱ्या १५ धावपटूंना १२ आठवडे सावकाश भार उतरवण्याचा व्यायाम दिला आणि सगळे पुन्हा धावू लागले. त्यानंतर कोपराच्या दुखण्यावरही याच तत्त्वाचे व्यायाम वापरात आले आणि उपयोगी ठरले. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या दुखण्यात व्यायामासोबत काही दिवस आधारपट्टाही लागतो. मज्जातंतूच्या त्रासात तर व्यायामाचा वाटा लहानच. तिथे रात्रीचा पट्टा आणि डॉक्टरांचे उपचार पुढे असतात. हा फरक लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आणखी एक नियम आधी पाठ करून ठेवा. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळइतकंच किंवा कमी असलं पाहिजे. सकाळचं दुखणं दोनचं चार झालं, तर कालचा भार जास्त होता. तो निम्मा करा. व्यायाम सोडू नका.

६. लाटणं, बाटली आणि रबर

यासाठी काही विकत आणायला नको.

पहिल्या आठवड्यात, कळ जास्त असताना, कंडरांना फक्त सरकवायचं असतं. पाची बोटं ताठ करा. मग बोटांची मुळं सरळच ठेवून पुढचे सांधे वाकवा, म्हणजे बोटांचा आकडा होईल. पुन्हा ताठ. मग पूर्ण मूठ. पुन्हा ताठ. मग बोटं ताठ ठेवून फक्त मुळापासून काटकोनात वाकवा. प्रत्येक स्थितीत तीन ते पाच सेकंद थांबायचं, सगळा क्रम पाच ते दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मूठ आवळायची नाही. नाडी नेफ्यात मोकळी फिरवून घ्यायची, इतकाच हेतू. मुंग्यांच्या त्रासातही हा व्यायाम चालतो. मुंग्या वाढल्या तर थांबायचं.

त्याच आठवड्यापासून न हलवता जोर लावण्याचा व्यायाम सुरू करता येतो. दुखणाऱ्या हाताचा पुढचा भाग मांडीवर टेकवा, तळवा खाली. दुसरा तळहात त्याच्या पाठीवर ठेवून खाली दाबा आणि दुखरा हात वर उचलायचा प्रयत्न करा. दोन्ही जोर सारखे, त्यामुळे हात जागचा हलत नाही. निम्म्याच ताकदीने ३० सेकंद, मग मिनिटभर विसावा. असं चार वेळा. अनेकांना याने लगेच थोडा आराम पडतो. अंगठ्याच्या बाजूचं दुखणं असेल तर हात पेला धरल्यासारखा, अंगठा वर ठेवून करायचा, आणि दुसऱ्या हाताने तर्जनीच्या मुळाशी वरून दाबायचं.

दोन आठवड्यांनी, सकाळची कळ कमी झाली असेल तर, मुख्य व्यायामाकडे या. अर्ध्या लिटरची बाटली पाण्याने निम्मी भरा. वजन साधारण पाव किलो झालं. हात मांडीवर, मनगट गुडघ्याच्या पुढे मोकळं, तळवा खाली, हातात बाटली. दुसऱ्या हाताने मदत करून मनगट वर आणा. मदत सोडा आणि चार आकडे मोजत मनगट सावकाश खाली जाऊ द्या. पुन्हा मदतीने वर. वर जाणं महत्त्वाचं नाही, खाली येणं महत्त्वाचं. दहा वेळा, मग दोन मिनिटं थांबा. असे तीन फेरे, एक दिवसाआड. पाव किलोचे तीन फेरे दोन आठवडे निभावले की बाटली पूर्ण भरा, अर्धा किलो. आणखी दोन आठवड्यांनी एक लिटरची बाटली पाऊण भरून घ्या. कामगारी हाताला एक किलोपर्यंत जायला साधारण तीन महिने लागू शकतात. कंडरा स्नायूपेक्षा सावकाश बदलते आणि पहिला महिना फरक दिसत नाही, म्हणूनच बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात व्यायाम सोडतात. तिथे टिकून राहा.

लाटण्याचा उपयोग मनगट फिरवण्यासाठी. एक टोक मुठीत धरून लाटणं उभं धरा, हात मांडीवर. सावकाश डावीकडे आडवं होऊ द्या, परत उभं, मग उजवीकडे. जड वाटलं तर मधोमध धरा, हलकं वाटलं तर टोकाला. हातोडा आणि कोयता चालवणाऱ्यांनी हा व्यायाम जरूर करावा.

रबर शेवटी. आपली सगळी कामं मूठ मिटण्याची. उघडण्याचं काम कुणीच करत नाही. पाची बोटांच्या टोकांभोवती रबर घालून बोटं फाकवा आणि सावकाश परत आणा. १५ वेळा, दोन फेरे. डाव्या चिमटीत तासन्‌तास छिन्नी धरणाऱ्यासाठी यापेक्षा सोपा उतारा नाही.

मऊ चेंडू दाबत बसायचा व्यायाम बरेच जण सुचवतात. दिवसभर आवळून दमलेल्या हाताला तो आणखी आवळायला लावतो. निदान पहिले दोन महिने तो टाळा, आणि मुंग्या येत असतील तर करूच नका.

७. कामाच्या जागी

व्यायाम दिवसाची १५ मिनिटं; काम आठ तास. म्हणून कामात बदल नसेल तर व्यायाम एकटा पुरत नाही.

बोथट हत्याराला जास्त जोर लागतो. विळा, खुरपं, छिन्नी यांना रोज धार असणं हा मनगटाचा उपचारच आहे. बारीक मूठ असेल तर तिच्यावर सुती कापड किंवा सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करा. जाड मूठ कमी आवळावी लागते. भाकरी थापताना परात इतकी खाली हवी की कोपर पोटाच्या पातळीला राहील आणि खांदा वर चढणार नाही. दहा भाकरी झाल्या की हात खाली सोडून दहापर्यंत मोजायचं, बोटं फाकवायची. पाऊण मिनिटही जात नाही. टाइप करणाऱ्याने मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नये, आणि मोबाइलवर लिहायला दोन्ही अंगठे किंवा तर्जनी वापरावी.

मजुरी नगावर असेल, तर 'काम निम्मं करा' हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण असतं. निम्म्या भाकरी म्हणजे निम्मे पैसे. म्हणून हा प्रश्न एकट्या बाईवर सोडणं मला मान्य नाही. महिला गटात एकीने मळायचं, एकीने थापायचं, एकीने भाजायचं आणि दर तासाला जागा बदलायच्या, असं ठरवलं तर भाकरी तेवढ्याच होतात आणि कुणाच्या एका कंडरेवर ३००० थापा पडत नाहीत. कारखानदाराने कोरणाऱ्याला दिवसातला काही वेळ घासण्या-उजळण्याच्या कामावर आणलं तरी चिमटीला सुटका मिळते. ही सोय गटाच्या अध्यक्षांनी आणि मालकांनीच करायची असते.

तेलाची हलकी मालिश आणि गरम पाण्याचा शेक यांनी बरं वाटतं, खुशाल करा. हळदीच्या लेपानेही ऊब मिळते. त्याने कंडरेला ताकद येत नाही, एवढं ध्यानात असू द्या. दुखऱ्या जागी अंगठ्याने जोरजोरात रगडणं किंवा कुणाकडून हात ओढून 'शीर बसवून' घेणं मात्र टाळा. सुजलेल्या आवरणाला त्याने इजाच होते. वेदनाशामक गोळ्या खाऊन रोजचं काम पूर्ण रेटणं सगळ्यांत वाईट. कळ कळत नाही, झीज चालू राहते, आणि त्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड यांनाही धोका असतो.

८. इथे व्यायाम थांबवा

पडल्यावर किंवा मार लागल्यावर मनगट दुखत असेल तर आधी एक्स-रे. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल, ताप असेल किंवा सकाळी दोन्ही हातांची बोटं तासभर आखडून राहत असतील, तर ते कामाचं दुखणं नाही, तपासणी हवी. अंगठ्याच्या बाजूचं दुखणं सहा आठवडे पट्टा आणि व्यायाम करूनही हटलं नाही तर आवरणात दिलेल्या इंजेक्शनने बऱ्याच जणांना गुण येतो. ते घ्यायला घाबरू नका. त्यानंतरही आवरण मोकळं झालं नाही, तर छोटी शस्त्रक्रिया असते.

मुंग्यांच्या बाबतीत जास्त सावध राहा. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री सहा आठवडे बांधून पाहा. तेवढ्याने भागलं नाही, हातातून वस्तू निसटू लागल्या, बटण लावताना बोटांना कळेनासं झालं किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा बसू लागला, तर एक दिवसही घरगुती उपायांत घालवू नका. बीदरला ब्रिम्स आणि कलबुर्गीला जिम्स ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथे अस्थिरोग विभागात दाखवा, आणि दिवसभर हाताने कोणतं काम करता ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. एकदा झडलेला तो अंगठ्याचा स्नायू शस्त्रक्रियेनंतरही दर वेळी भरून येतोच असं नाही.